चुकलेल्या पिनवरची छावणी

रामनगरच्या खडकांविषयी मला पुष्कळ लिहायचं होतं. ते अवाढव्य आहेत, तांबूस आहेत, आणि कुणा राक्षसाच्या पोराने खेळून तसेच टाकून दिल्यासारखे माळावर पडलेले आहेत. पण ते मी नीट पाहिले तिसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी आम्ही भलत्याच ठिकाणी उतरलो होतो, आणि माझं सगळं लक्ष एका सुंदर हिरवळीच्या मधोमध पडलेल्या खड्ड्याकडे होतं. तो खड्डा आम्हीच खणलेला होता.

आम्ही म्हणजे एचएसआर लेआउटमधल्या बागेत दर रविवारी सकाळी भरणारं स्काउट-गाइडचं पथक. बारा मुलं-मुली आणि दोन मोठी माणसं. त्यातली एक मी. मी मूळची नाशिकची, इथे सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. पथकात मी आले ती मुलाला सोडायला. मुलाला तिसऱ्या रविवारी कंटाळा आला, तो बॅडमिंटनला गेला, आणि मी राहिले. आता मुलं मला 'कॅप्टन' म्हणतात. घरी मला असं कुणी म्हणत नाही.

दुसरे मोठे माणूस म्हणजे गायकवाड अण्णा. जयनगरला राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, आणि गळ्यातली शिट्टी फक्त जेवताना काढतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी राजाच्या फौजेबरोबर घोड्यावरून बंगळुरात आलं. अण्णा हे असं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घोडे अजून खाली पार्किंगमध्येच असतील. त्यांचं मराठी आणि माझं मराठी यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "अक्का, तुम्ही हे हिंदी कुठे शिकलात?"

शिबिर तीन दिवसांचं होतं. जिल्ह्यातली सगळी पथकं रामनगरच्या पलीकडे एका आमराईत जमणार होती. शुक्रवारी संध्याकाळी झेंडा उतरवण्याआधी जे पथक हजर नसेल ते स्पर्धेतून बाद, असा जिल्ह्याच्या स्काउट कमिशनर सरांचा नियम होता. गेल्या वर्षी आमच्यातल्या निम्म्यांना गोवर-कांजिण्यांनी गाठलं आणि आम्ही गेलोच नाही. यंदाही गेलो नाही तर आमचं पथक एका मोठ्या शाळेच्या पथकात विलीन होणार होतं. त्या शाळेला स्वतःचा बँड आहे. आमच्याकडे एक बिगुल आहे आणि तो तेजस वाजवतो, म्हणजे बँड असलेलाच बरा असं ऐकणाऱ्याला वाटतं.

जायची व्यवस्था संजीव पाटलांनी अंगावर घेतली होती. हे सईचे वडील. सई आमच्यातल्या एका तुकडीची नायिका, वय तेरा, आवाज चाळीस वर्षांच्या हेडमास्तरणीचा. पाटील मूळचे निपाणीचे, एका स्टार्टअपमध्ये मोठ्या हुद्द्यावर. ते पालकांच्या ग्रुपवर कधीही 'हो' लिहीत नाहीत, 'डन' लिहितात. त्यांनीच बस ठरवली, त्यांनीच जागेची पिन टाकली, आणि पिनखाली मला वेगळा मेसेज केला : "मॅडम, सईचं हे शेवटचं शिबिर. पुढच्या महिन्यापासून फाउंडेशन क्लास आहे, रविवारी येता येणार नाही. तिला मीच सांगेन, तुम्ही आत्ता काही बोलू नका." पालकभेटीलाही येता येणार नाही, दिल्लीच्या क्लायंटबरोबर मीटिंग आहे, असं त्यांनी सईला सांगितलं होतं.

मी फोन पालथा ठेवला. सई गेली तर तुकडी कोण सांभाळणार हे मला सुचेना.

शुक्रवार, सकाळ : बिडदी

बंगळुरातून बाहेर पडण्याचं वर्णन करत नाही. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांना नको आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी सुखात राहावं.

बिडदीला अण्णांनी बस थांबवली. इथे तट्टे इडली मिळते. तट्टे म्हणजे ताटली, आणि इडली खरोखरच ताटलीएवढी असते : पांढरी, मऊ, वर लोण्याचा गोळा. नाशिकला सकाळी मिसळ खाल्ली की माणूस जागा होतो. बिडदीला तट्टे इडली खाल्ली की माणूस झोपतो. दोन्हींनंतर काम होत नाही, पण कारणं वेगळी. अण्णांनी मुलांना बजावलं, "स्वल्प खा. शिबिरात गुंडी काढायची आहे." गुंडी म्हणजे खड्डा. आमच्या प्रत्येक शिबिराची सुरुवात शौचाचा खड्डा खणण्यापासून होते, आणि अण्णांच्या मते माणसाचं चारित्र्य त्याच्या खड्ड्याच्या कडांवरून कळतं.

मुलांनी अर्थातच स्वल्प खाल्लं नाही. बसमध्ये बाराच्या बारा जण एकमेकांच्या खांद्यावर कोसळून झोपले आणि ड्रायव्हर पिनच्या मागे निघाला.

शुक्रवार, दुपारआधी : आमराई

बस थांबली ती एका फाटकासमोर. वर झेंडूची कमान, कमानीवर फलक : 'वेलकम, टीम!' आत आंब्याची झाडं, हिरवळ, आणि हेडफोन लावलेली एक हसरी तरुण मुलगी. तिचं नाव रिया. ती हिंदी-इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत सांगते.

"आलात! वा! आणि युनिफॉर्मसकट! हे कुणाला सुचलं?"

"नेहमीच असतो," मी म्हटलं.

"लव्हली," ती म्हणाली, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक शहाळं आलं.

अण्णांनी शहाळ्याकडे संशयाने पाहिलं. "इतकी वर्षं शिबिरं केली," ते माझ्या कानाशी म्हणाले, "कुणी एळनीर दिलं नाही. कमिशनर बदलला काय?"

इथे माझी चूक झाली हे कबूल करते. चुका शोधणं माझा धंदा आहे आणि त्या फाटकात शोधण्यासारखं बरंच होतं. पण ऊन होतं, शहाळं गार होतं, आणि मला वाटलं की अखेर जिल्ह्याने स्काउटांची कदर केली. झाडांखाली पांढरे तंबू आधीच उभे होते. तेजस एका तंबूत डोकावला आणि ओरडत बाहेर आला, "कॅप्टन! तंबूला रिमोट आहे!"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "परीक्षकांचा असेल."

अण्णांना या लाडांत रस नव्हता. त्यांनी रियाला गाठलं. "खड्डा कुठे खणायचा?"

"कुठेही," रिया उदारपणे म्हणाली. तिचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. "तुम्हाला अ‍ॅक्टिव्हिटीसाठी सोयीचं पडेल तिथे. तुम्ही एक्स्पर्ट."

'तुम्ही एक्स्पर्ट' हे शब्द अण्णांना त्यांच्या आयुष्यात फार उशिरा ऐकायला मिळाले. त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली, उताराचा अंदाज घेतला आणि हिरवळीच्या बरोब्बर मध्यावर काठी रोवली. मुलांनी आधी हिरवळीचा पट्टा सोलून गुंडाळून बाजूला ठेवला, मग फावडी घातली. माती तांबडी आणि भुसभुशीत. मुलं घामाघूम झाली, कडा सरळ आल्या, अण्णांनी ओळंबा लावून पाहिला. इतका देखणा खड्डा आमच्या पथकाने आजवर खणला नव्हता.

त्याच वेळी मोठी निळी बस आत आली.

तिच्यातून चाळीसेक माणसं उतरली. सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, टी-शर्टांवर रोपट्याचं चित्र. सगळ्यात पुढे हुडी आणि चपला घातलेला एक तरुण. तो कबीर, कंपनीचा संस्थापक. कंपनीचं अ‍ॅप लोकांना कुंडीतल्या झाडांना पाणी घालायची आठवण करून देतं. आणि सगळ्यात मागे, मानेभोवती प्रवासाची उशी अडकवलेले, संजीव पाटील.

त्यांनी सईकडे पाहिलं. सईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या हातात फावडं होतं.

"पप्पा," सई म्हणाली, "दिल्लीचा क्लायंट?"

पाटलांनी खिशातून फोन काढला. अंगठ्याने काहीतरी वर-खाली केलं. त्यांचा चेहरा आधी लाल आणि मग तट्टे इडलीसारखा झाला. त्यांनी मला बाजूला आंब्याच्या झाडामागे घेतलं, आणि त्यांचं ऑफिसचं मराठी क्षणात गळून पडून खालून निपाणी वर आली.

"मॅडम, लई मोठा घोळ झालाय हो. दोन पिना होत्या. तुमची आमराई आणि आमची आमराई. मी उलट्या पाठवल्या."

"उलट्या म्हणजे?"

"तुम्ही आमच्याकडं आलाय. आणि आमच्या टीम-बिल्डिंगचे ट्रेनर्स... ते तुमच्या शिबिरात गेलेत."

मी नेटवर्क शोधत पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले. फोन लागण्याआधीच कमिशनर सरांचा आला. ते शांत आवाजात बोलत होते आणि ते शांत बोलतात तेव्हाच भीती वाटते. "मॅडम, तुमचं पथक कुठे आहे? इथे चार तरुण आलेत. स्वतःला फॅसिलिटेटर म्हणवतात. त्यांनी माझ्या स्काउटमास्तरांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधल्यात आणि एकमेकांच्या अंगावर मागे पडायला सांगतायत. दोघे पडले. पकडायला कुणी नव्हतं."

"सर, आम्ही येतोय," मी म्हटलं आणि रेंज गेली.

येणार कसं? आमची पिवळी बस परत गेली होती. खाली उतरले तर पाटील शिडीशी हात जोडून उभे.

"मॅडम, हे सगळं आउटिंग माझ्याकडं दिलंय. कबीरला कळलं की ट्रेनर्स मी हरवले, तर माझी काय खैर नाही. तीन तास तुम्हीच ट्रेनर व्हा. चहा झाला की आमची निळी बस तुम्हाला तुमच्या आमराईत नेऊन सोडेल. झेंडा उतरायच्या आत. शब्द देतो."

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "मला विचारू नका. तुकडीच्या नायिकेला विचारा."

सई कमरेवर हात ठेवून ऐकत होती. मला वाटलं, आता ही तो क्लास काढणार, हट्ट धरणार. तिला त्याच्याबद्दल काही माहीत आहे की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. तिने फक्त नाक वर केलं.

"ठीक. पण पप्पा, तुम्ही माझ्या तुकडीत. आणि मला सई म्हणायचं नाही. लीडर म्हणायचं."

"लीडर," पाटील म्हणाले.

"उशी काढा."

त्यांनी उशी काढली.

शुक्रवार, दुपार : तीच आमराई

मोठ्या माणसांना शिकवणं लहानांना शिकवण्यापेक्षा किती अवघड असतं हे मला त्या दुपारी कळलं. सईने शिट्टी मारली आणि उंचीप्रमाणे ओळीत उभं राहायला सांगितलं. आमची मुलं हे पटकन करतात. त्या चाळीस जणांनी आधी गोल केला, मग एकाने विचारलं की उंची बुटांसकट धरायची की बुटांशिवाय, मग दुसऱ्याने लॅपटॉप उघडून तक्ता करायला घेतला. तेजसने बिगुल वाजवला. त्या आवाजाने सगळे एका ओळीत आले, कारण पळायला तीच एक दिशा होती.

कबीर मात्र भारावला होता. "खरीखुरी मुलं आहेत!" तो रियाला म्हणाला. "मागच्या वेळचे ट्रेनर्स कसले बनावट होते!" मग तो हिंडत हिंडत हिरवळीच्या मध्यावर आला आणि खड्ड्यापाशी थबकला. कडेकडेने फिरला. वाकून पाहिलं. आमराईचा मॅनेजर त्याच सुमारास तिथे पोचला होता आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

"हे काय दर्शवतं?" कबीरने गंभीरपणे विचारलं.

मी तोंड उघडलं. रिया माझ्या आधी बोलली. तिला खड्डा कशाचा ते अण्णांनी नुकतंच सांगितलं होतं, आणि ती मुलगी पुढे खूप वर जाणार यात मला शंका नाही.

"लेटिंग गो," ती म्हणाली.

कबीरने डोळे मिटून मान हलवली. मग सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून, ज्यांना जे मनातून टाकून द्यायचंय ते त्यांनी या खड्ड्याकडे पाहत टाकावं, असं सांगितलं. चाळीस माणसं आमच्या शौचखड्ड्याभोवती डोकी झुकवून उभी राहिली. अकाउंट्सच्या एका बाई रडल्या. अण्णांनी टोपी काढून छातीशी धरली. नंतर ते मला म्हणाले, "माणसं मेली काय कुणी?"

मग गाठी झाल्या. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर, असं तेजस ओरडत होता आणि लोक दोराऐवजी एकमेकांनाच बांधत होते. मग आग. प्रत्येक तुकडीला दोन काड्या, त्यातच चूल पेटवायची. एका तुकडीने दोन काड्यांवर चर्चा केली आणि चर्चेत एक काडी मोडली. दुसऱ्या तुकडीतल्या एकाच्या खिशात लायटर असणार हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण मालकासमोर तो काढेना.

सईच्या तुकडीत पाटलांनी पहिली काडी वाऱ्याने घालवली. सईने फक्त दुसरी पुढे केली. पाटील जरा वेळ त्या काडीकडे बघत बसले. मग उठले, कडेच्या नारळाखालून वाळकी किशी आणि काटक्या गोळा केल्या, जमिनीवर चक्क पोटावर झोपले, पाय वाऱ्याकडे केले, आणि किशीचा गोळा छातीच्या आडोशाला ठेवून काडी ओढली.

धूर आला.

"फुंक!" पाटील ओरडले. "फुंक की गं! अशी न्हवं, हळू, खालनं फुंक!"

"मी लीडर आहे!" सई ओरडली आणि पोटावर आडवी झाली.

बापलेक दोन्ही बाजूंनी गाल फुगवून फुंकत राहिले. भसकन ज्वाळा आली. पाटलांची डावी भुवई तेवढी गेली. ते उठून बसले, हसायला लागले आणि त्यांना थांबताच येईना. "निपाणीला आंघोळीचा बंब मीच पेटवायचो," ते म्हणाले. "रोज. मला आठवतच न्हवतं."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही," सई म्हणाली.

"तू कधी थंड पाण्यानं आंघोळ केलीस?"

जेवायला तिकडे मोठ्या मंडपात झाकणांखाली पंचवीस पदार्थ वाफाळत होते. पण कबीरने जाहीर केलं की आपण आपल्या चुलीवरचंच खाणार. आमच्याजवळ होतं नाचणीचं पीठ आणि पालेभाजीचं सामान. अण्णांनी बाह्या सरसावल्या. मोठ्या पातेल्यात आधणाला पीठ सोडलं, लाकडी दांड्याने घोटलं, आणि बोटं पाण्यात बुडवत गरम गरम गोळे वळले. हा रागी मुद्दे. काळपट, गुळगुळीत, क्रिकेटच्या चेंडूएवढा. बरोबर पालेभाजीचं तिखट सारू.

"चावायचं नाही," अण्णांनी सांगितलं. "सारूत बुडवायचं आणि गिळायचं."

माझ्यासारख्या भाकरी खाणाऱ्या बाईला हे अजून जमलेलं नाही. नाशिकला न चावता गिळलं तर आई पाठीत धपाटा घालते, इथे चावलं तर अण्णा दुःखाने मान फिरवतात. कबीरने मोठा घास घेतला, नियम पाळला, आणि तो घास घशातून खाली जाताना त्याच्या डोळ्यांत पाणी कसकसं चढत गेलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पोचल्यावर तो म्हणाला, "पोटात कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय." अण्णा म्हणाले, "सरी, बरोबर. तसंच वाटायला पाहिजे. आता संध्याकाळपर्यंत बसेल."

खड्डा बुजवून, गुंडाळलेली हिरवळ परत अंथरून, वरून बादलीभर पाणी घालूनच अण्णांनी आम्हाला बसमध्ये चढू दिलं. मॅनेजर हिरवळीवर गुडघे टेकून हात फिरवत होता.

शुक्रवार, संध्याकाळ : खरी आमराई

निळ्या बसने आम्हाला नेलं. पाटील बरोबर आले. कबीरला त्यांनी काय सांगितलं, असं मी विचारलं. म्हणाले, "खरं सांगितलं. तो म्हणाला, मग तर जास्तच ऑथेंटिक झालं."

आम्ही फाटकातून आत धावलो तेव्हा सूर्य खडकांना टेकला होता आणि मैदानावर सगळी पथकं सावधान उभी होती. झेंडा अर्ध्यावर आला होता. आम्ही जिथल्या तिथे थिजलो. झेंडा खाली आला, घडी झाली, आणि कमिशनर सर आमच्याकडे वळले.

"उशीर," ते इंग्रजीत म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

तेजसने बिगुल पाठीमागे लपवला. मी कारण सांगायला लागले, पण पिना, आमराया आणि कुंड्यांचं अ‍ॅप हे सगळं इंग्रजीत सांगताना मलाच खोटं वाटायला लागलं. तेवढ्यात पाटील पुढे झाले. तोंडाला काजळी, एक भुवई, गळ्यात सईचा जादा स्कार्फ. त्यांनी डाव्या हाताने सलाम ठोकला. सरांनी स्काउटांच्या रीतीप्रमाणे हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला. पाटलांनी उजवा केला. मग दोघांनी एकदमच हात बदलले. असं दोनदा झालं. शेवटी पाटलांनी दोन्ही हातांनी सरांचा हात पकडला.

"सर, तप्प नंदेऽ ऐतरी," ते म्हणाले. म्हणजे, चूक माझीच आहे.

बंगळुरातलं कन्नड वेगळं आणि तिकडे वर, निपाणी-विजापूरकडचं वेगळं. त्यात प्रत्येक वाक्याच्या शेपटीला 'री' असतो, आणि बंगळुरात लोक त्याला हसतात. कमिशनर सर हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली.

"यावूर री निम्दु?" त्यांनी विचारलं. गाव कुठलं?

मग दोघेही तिकडच्या कन्नडमध्ये बोलू लागले. मला त्यातलं 'री' तेवढं कळत होतं. अण्णा भाषांतर करत होते : सर विजापूरचे. त्यांच्या आत्याला निपाणीला दिलंय. पाटील म्हणतायत, शिक्षा मला करा, या पोरांनी दिवसभर माझं ऑफिस सांभाळलं. सर म्हणतायत, तुमच्या त्या चार पोरांना आधी घेऊन जा, त्यांनी आमच्या स्वयंपाक्यालाही पट्टी बांधली. शेवटी सर आमच्याकडे वळले.

"आजचे गुण शून्य. उद्यापासून मोजणार. आता जा, खड्डा खणा."

मुलांनी इतक्या आनंदाने आरोळी ठोकली की शेजारच्या पथकाने वळून पाहिलं. खड्डा खणायच्या हुकमावर असं कुणी आनंदत नाही.

रविवार : खडक

शनिवारी विशेष काही झालं नाही, म्हणजे एक तंबू पडला आणि एका वानराने आमची साखर नेली. रविवारी पहाटे खडकांवर चढलो. वरून खाली आमराया दिसतात, सगळ्या सारख्या, एकीतून दुसरी ओळखू येत नाही. पाटलांविषयी माझ्या मनात तिथे जरा दया आली.

निकालात आम्ही एकूणात खालच्या निम्म्यात होतो. पण स्वच्छतेत पहिले. परीक्षक आमच्या खड्ड्यापाशी बराच वेळ थांबले होते. "सराव दिसतोय," असा शेरा त्यांनी मारला.

पालकभेटीला पाटील आले. दुसरी भुवईही त्यांनी कमी करून घेतली होती, जुळावी म्हणून. त्यांनी सईला आणि मला एकत्र बसवलं आणि घसा साफ केला.

"सई, मी तुला एक सांगणार होतो. तो फाउंडेशन क्लास आहे ना, त्यासाठी तुला पथक सोडावं लागणार होतं. पण मी ठरवलंय, क्लास नको. पथकच कर. क्लासचं मी बघतो."

मला भरून आलं. सई मात्र त्यांच्याकडे, टेस्टरने बघावं तशी, बघत होती.

"पप्पा, क्लास शनिवारी आहे."

"आं?"

"शनिवारी. दुपारी. माझ्या वर्गातल्या तिघी जातात. रविवारी आहे तो मोठ्यांचा. तुम्ही शेजारचा रकाना वाचलात."

पाटलांनी फोन काढला. अंगठ्याने वर-खाली केलं. तो चेहरा मी आता ओळखत होते.

"मग तू आधी का न्हाई बोललीस?" ते म्हणाले.

"तुम्ही मला विचारलं कुठे? कॅप्टनना मेसेज केलात." ती माझ्याकडे वळली. "कॅप्टन, तुमचा फोन झोपेत छातीवर उघडाच असतो."

मी फोन खिशात टाकला. पाटील म्हणाले, "म्हणजे दोन्ही करशील?"

"करेन. पण रविवारी सोडायला तुम्ही यायचं. आई नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आणि पिन मी बघणार."

पुढचा रविवार : एचएसआर लेआउट

पाटील आले. वेळेच्या आधी आले. पण एकटे आले नाहीत. त्यांच्यामागे रिया होती, अकाउंट्सच्या त्या बाई होत्या, आणखी चार-पाच हिरवे टी-शर्ट होते, आणि चपला घातलेला कबीर. तो थेट अण्णांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, आम्हाला जॉइन व्हायचंय."

"वय?" अण्णांनी विचारलं.

"एकतीस."

अण्णांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उशीर झालाय," ते म्हणाले. "तरी बन्नी, या. मागच्या ओळीत. लहान पोरांना दिसलं पाहिजे, उंचांनी मध्ये यायचं नाही."

शिट्टी झाली. पथक सावधान उभं राहिलं. मागच्या ओळीत कंपनी सावधान उभी राहिली, जवळजवळ. अण्णा एकेकासमोरून तपासणी करत निघाले : केस, बटणं, बूट. मुलांची ओळ संपवून ते मागे वळले. कबीरपाशी थांबले.

"हात."

कबीरने हात पुढे केले.

"नखं," अण्णा म्हणाले. "घरी जा. कापून ये."

कबीरला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. अण्णा हसले नाहीत. त्याने पाटलांकडे पाहिलं. पाटील नाकासमोर बघत उभे होते, अंगठे पँटच्या शिवणीला लावून. मग कबीर, ज्याच्या हाताखाली चाळीस माणसं काम करतात, तो 'येस सर' म्हणाला आणि बागेच्या फाटकाकडे धावत सुटला.

अण्णा पुढे सरकले. पुढची रिया होती. तिची नखं लांब होती आणि प्रत्येकावर वेगळा रंग होता.

रियाने दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.